क्रॉसबो शिकार

क्रॉसबो शिकार म्हणजे क्रॉसबो या चाप असलेल्या आडव्या धनुष्याने केली जाणारी वन्यप्राण्यांची शिकार होय. आज हा प्रकार मुख्यतः अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत प्रचलित आहे. पांढऱ्या शेपटीचे हरीण हे त्यातील सर्वांत महत्त्वाचे सावज असून काळे अस्वल, रानडुक्कर, एल्क व मूस या मोठ्या प्राण्यांचीही अशी शिकार होते. क्रॉसबोला बंदुकीप्रमाणे दस्ता, चाप आणि दुर्बीण असते. परंतु त्यातून सुटणारा बाण गोळीसारखा नव्हे, तर धनुष्याच्या बाणासारखाच परिणाम करतो. त्यामुळे या शस्त्राचा जबाबदार वापर अंतराची मर्यादा, प्राण्याच्या उभे राहण्याचा कोन आणि जखमी प्राण्याचा माग काढण्याचे कौशल्य या तीन गोष्टींवर अवलंबून असतो. भारतात वन्यप्राण्यांच्या शिकारीस कायद्याने बंदी आहे.

## रचना

क्रॉसबोमध्ये धनुष्य एका दांड्यावर आडवे बसवलेले असते. प्रत्यंचा मागे ओढली की ती चापाच्या यंत्रणेत अडकून राहते, त्यामुळे नेम धरताना ताण हाताने पेलावा लागत नाही. दांड्यावरील सरळ खाचेत बाण ठेवला जातो. क्रॉसबोच्या आखूड बाणाला ‘बोल्ट’ असेही म्हणतात. आधुनिक बाणांची लांबी साधारणतः १६ ते २२ इंच असते.

आधुनिक क्रॉसबोचे दोन मुख्य प्रकार आहेत. ‘रिकर्व्ह’ प्रकारात धनुष्याच्या भुजांची टोके पुढे वळलेली असतात आणि प्रत्यंचा थेट त्यांना बांधलेली असते. ‘कंपाउंड’ प्रकारात भुजांच्या टोकांशी चाके व तारा असतात. पहिला प्रकार साधा व दुरुस्तीस सोपा असतो, तर दुसरा आटोपशीर असून अधिक वेग देतो. शिकारीच्या क्रॉसबोचा ताण साधारणतः १५० ते २०० पौंड आणि बाणाचा वेग ३०० ते ४०० फूट प्रति सेकंद असतो. याहून वेगवान क्रॉसबोही बाजारात उपलब्ध आहेत.

ताणाचा हा आकडा मोठा असल्यामुळे क्रॉसबोच्या शक्तीविषयी अनेकदा गैरसमज होतो. बाणाला मिळणारी ऊर्जा केवळ ताणावर अवलंबून नसते. प्रत्यंचा किती अंतर बाणाला ढकलते यावरही ती ठरते. हाताने ओढायच्या धनुष्यात हे अंतर २० इंच किंवा अधिक असू शकते, तर क्रॉसबोमध्ये ते बहुधा १२ ते १६ इंच असते. त्यामुळे ६०-७० पौंडांच्या साध्या धनुष्यापेक्षा २०० पौंडांचा क्रॉसबो तिप्पट शक्तिशाली ठरत नाही. ४०० ग्रेन (सुमारे २६ ग्रॅम) वजनाचा बाण ३५० फूट प्रति सेकंद वेगाने सुटल्यास त्याची गतिज ऊर्जा सुमारे १४८ जूल भरते. शिकारीच्या रायफलीच्या गोळीची ऊर्जा याच्या कित्येक पट असते.

## इतिहास

क्रॉसबोचा सर्वांत जुना विकास चीनमध्ये झाला. ‘युद्धरत राज्यां’च्या काळात तेथे क्रॉसबोचा लष्करी वापर रूढ होता. चिनी सम्राट छिन शी हुआंग याच्या समाधीजवळील मातीच्या सैनिकांसोबत क्रॉसबोचे कांस्य धातूचे चाप सापडले आहेत. प्राचीन ग्रीसमध्ये ‘गॅस्ट्राफेटीस’ हे पोटाचा आधार देऊन ताणायचे शस्त्र वापरात होते.

मध्ययुगीन युरोपात क्रॉसबो हे युद्धाचे प्रमुख शस्त्र बनले. ख्रिस्ती लोकांविरुद्ध धनुष्य व क्रॉसबो यांचा वापर करण्यास ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने मनाई केली होती. प्रत्यक्षात ती फारशी पाळली गेली नाही. शिकारीतही या शस्त्राला स्थान होते. फ्वाचा काउंट गास्तों फेब्यूस याने १३८७ मध्ये लिहिण्यास घेतलेल्या शिकारविषयक ग्रंथात क्रॉसबोच्या वापराचा उल्लेख येतो. जर्मन चित्रकार लुकास क्रानाख (थोरला) याच्या १५२९ च्या चित्रात सॅक्सनीचा इलेक्टर फ्रेडरिक व त्याचे सहकारी क्रॉसबोने हरणांची शिकार करताना दिसतात. बंदुकीचा प्रसार झाल्यावर हे शस्त्र युरोपीय शिकारीतून हळूहळू मागे पडले.

आग्नेय आशियातील डोंगराळ प्रदेशांत मात्र लाकडी क्रॉसबोची परंपरा टिकून राहिली. ह्मोंग व लिसू या समाजांत तो शिकारीसाठी वापरला जाई. ईशान्य भारतातील काही नागा समाजांतही क्रॉसबो परिचित होता.

उत्तर अमेरिकेत आधुनिक क्रॉसबो शिकारीचा आरंभ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. आर्कान्सा आणि ओहायो ही राज्ये १९७० च्या दशकात हे शस्त्र हरणांच्या शिकारीसाठी खुले करणाऱ्या पहिल्या राज्यांपैकी होत. इतर अनेक राज्यांत प्रारंभी केवळ शारीरिक अपंगत्वामुळे साधे धनुष्य ओढू न शकणाऱ्या शिकाऱ्यांनाच क्रॉसबोचा परवाना मिळत असे. २००९ मध्ये मिशिगन व पेनसिल्व्हेनिया या राज्यांनी नियम मोठ्या प्रमाणावर शिथिल केले. विस्कॉन्सिनमध्ये २०१४ पासून क्रॉसबोसाठी स्वतंत्र परवाना व हंगाम सुरू झाला.

## बाणाचा परिणाम

रायफलीची गोळी मोठ्या वेगामुळे आसपासच्या ऊतींनाही हानी पोहोचवते. बाणाचा वेग त्या मानाने फारच कमी असल्याने तसा धक्का बसत नाही. शिकारीच्या बाणाच्या टोकाला ‘ब्रॉडहेड’ नावाचे धारदार पात्यांचे फाळ असते. ते रक्तवाहिन्या व अवयव कापते आणि प्राण्याचा मृत्यू मुख्यतः रक्तस्रावाने किंवा फुप्फुसे निकामी झाल्याने होतो. दोन्ही फुप्फुसांतून किंवा हृदयातून बाण गेल्यास प्राणी सामान्यतः काही सेकंदांत कोसळतो. बाण पोटात किंवा मांडीच्या मांसात लागल्यास तो तासन्‌तास जिवंत राहू शकतो. म्हणूनच बाणाने होणाऱ्या शिकारीत शक्तीपेक्षा बाणाची जागा आणि पात्याची धार निर्णायक ठरतात.

ब्रॉडहेडचे दोन प्रकार प्रचलित आहेत. स्थिर पात्यांचे फाळ मजबूत असून हाडावर आदळले तरी सहसा निकामी होत नाही. मात्र वेगवान क्रॉसबोवर ते नीट जुळवलेले नसल्यास बाण भरकटतो. आघातानंतर उघडणाऱ्या पात्यांचे फाळ हवेत स्थिर राहते व रुंद जखम करते. परंतु पाती उघडण्यात काही ऊर्जा खर्ची पडते. त्यामुळे एल्क किंवा मूस यांसारख्या मोठ्या हाडांच्या प्राण्यांसाठी पुष्कळ अनुभवी शिकारी जड बाण व स्थिर पाती पसंत करतात. सरावात वापरले जाणारे साधे टोक आणि शिकारीचे फाळ यांचा नेम एकाच ठिकाणी लागेल असे नसते. यासाठी हंगामापूर्वी प्रत्यक्ष फाळ लावून नेम तपासला जातो.

## अंतराची मर्यादा

चांगला क्रॉसबो आधाराला टेकवून वापरल्यास लक्ष्यफलकावर ६० यार्ड किंवा त्याहून अधिक अंतरावरही अचूक नेम साधता येतो. जिवंत प्राण्याच्या बाबतीत मात्र तेवढे अंतर योग्य मानले जात नाही. बहुतेक प्रशिक्षक हरणासाठी सुमारे ४० यार्डांपर्यंतची मर्यादा सुचवतात आणि अनेक शिकारी २० ते ३० यार्डांच्या आतच बाण सोडतात. यामागे दोन कारणे आहेत.

पहिले कारण प्राण्याच्या हालचालीचे आहे. ध्वनीचा वेग हवेत सुमारे १,१२५ फूट प्रति सेकंद आहे, म्हणजे क्रॉसबोचा आवाज बाणाच्या कितीतरी आधी प्राण्यापर्यंत पोहोचतो. सावध असलेले हरीण तो आवाज ऐकताच उडी घेण्यासाठी पाय दुमडून शरीर खाली झुकवते आणि बाण ठरलेल्या जागेच्या वर लागतो. दुसरे कारण गुरुत्वाकर्षणाचे आहे. खालील तक्त्यात ३५० फूट प्रति सेकंद वेगाच्या बाणाचे गणिताने काढलेले आकडे दिले आहेत. हवेचा रोध त्यात धरलेला नाही. प्रत्यक्षात लागणारा वेळ व घसरण दोन्ही थोडी अधिक असतात.

| अंतर (यार्ड) | बाणाला लागणारा वेळ (सेकंद) | आवाजाला लागणारा वेळ (सेकंद) | दोहोंतील फरक (सेकंद) | बाणाची एकूण घसरण (सेंमी) |
|---|---|---|---|---|
| २० | ०.१७ | ०.०५ | ०.१२ | १४ |
| ३० | ०.२६ | ०.०८ | ०.१८ | ३२ |
| ४० | ०.३४ | ०.११ | ०.२४ | ५८ |
| ५० | ०.४३ | ०.१३ | ०.३० | ९० |

अंतर दुप्पट झाले की हरणाला मिळणारा वेळ दुप्पट होतो, तर बाणाची घसरण चौपट होते. नेमाची दुर्बीण ठरावीक अंतरांसाठी जुळवलेली असल्यामुळे अंतराचा अंदाज चुकणे महागात पडते. २० यार्ड समजून नेम धरलेले हरीण प्रत्यक्षात २५ यार्डांवर असल्यास बाण सुमारे ४ ते ५ सेंमी खाली लागतो. ४० यार्ड समजून नेम धरलेले हरीण ५० यार्डांवर असल्यास मात्र हाच फरक सुमारे १८ सेंमी होतो. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण २० सेंमी व्यासाचा धरला जातो. त्याच्या मध्यावर धरलेला नेम १८ सेंमी खाली गेला, तर बाण त्या भागाबाहेर पडतो. यामुळे लेसर किरणांनी अंतर मोजणारे उपकरण आता सर्रास वापरले जाते आणि मचाणाभोवतीच्या झाडांची अंतरे आधीच मोजून ठेवली जातात. बाणाचा वेग वाढल्याने ही मर्यादा थोडी पुढे सरकते, नाहीशी होत नाही.

## नेमाचा कोन

प्राणी शिकाऱ्यासमोर पूर्ण आडवा उभा असताना बाण दोन्ही फुप्फुसांतून जाण्याची शक्यता सर्वाधिक असते. पुढच्या पायाच्या किंचित मागे, शरीराच्या उंचीच्या खालच्या तृतीयांशापासून मध्यापर्यंतचा भाग हा नेमाचा भाग मानला जातो. प्राणी तिरका पाठमोरा उभा असल्यासही बाण बरगड्यांमधून पुढे फुप्फुसांकडे जाऊ शकतो. अशा वेळी पलीकडच्या पुढच्या पायाच्या रोखाने नेम धरला जातो.

शिकाऱ्याकडे तोंड करून किंवा तिरके समोर उभ्या असलेल्या प्राण्याच्या बाबतीत खांद्याची हाडे आणि छातीचे हाड आड येतात. पूर्ण पाठमोऱ्या प्राण्यात बाण पोट व आतड्यांत जाण्याचा धोका असतो. डोके लहान व सतत हलते असते. धनुर्शिकारीच्या प्रशिक्षणात हे कोन टाळण्यास शिकवले जाते. उंच मचाणावरून अगदी खाली उभ्या असलेल्या प्राण्यावर बाण सोडल्यास एकच फुप्फुस भेदले जाण्याची शक्यता वाढते. फांदी किंवा गवताची काडीही बाणाची दिशा बदलू शकते, त्यामुळे बाणाचा मार्ग मोकळा असणे आवश्यक असते. धावत्या प्राण्यावर आणि कळपात एकामागे एक उभ्या असलेल्या प्राण्यांवर बाण सोडणे अयोग्य समजले जाते.

## माग काढणे

बाण लागलेला प्राणी बहुधा जागीच पडत नाही. म्हणून बाण सोडताना प्राणी नेमका कोठे उभा होता, तो कोणत्या दिशेने गेला आणि शेवटचा कोठे दिसला हे लक्षात ठेवणे हा शिकारीचाच भाग मानला जातो. प्रथम बाण शोधून त्यावरील खुणा तपासल्या जातात :

* फेसाळ, गुलाबी-लाल रक्त : फुप्फुसाला जखम. साधारणतः अर्ध्या तासाने माग काढण्यास सुरुवात होते.
* गडद लाल रक्त : यकृताला जखम असण्याची शक्यता. तीन-चार तास थांबण्याचा सल्ला दिला जातो.
* हिरवट किंवा तपकिरी द्रव व दुर्गंधी : जठर किंवा आतड्यांना जखम. सहा ते बारा तास प्रतीक्षा केली जाते.

थांबण्याचे कारण असे की, जखमी प्राण्याचा पाठलाग न झाल्यास तो जवळच आडोशाला बसतो आणि तेथेच मरण पावतो. त्याला लगेच उठवले तर तो दूर जातो, रक्ताचा माग तुटतो आणि प्राणी सापडत नाही. पाऊस, हिमवर्षाव किंवा उष्ण हवामान असल्यास माग पुसला जाणे व मांस खराब होणे यांचा विचार करून ही प्रतीक्षा कमी करावी लागते. अनेक राज्यांत दोरीने बांधलेल्या प्रशिक्षित कुत्र्यांच्या साहाय्याने माग काढण्यास परवानगी आहे. खासगी जमिनीत शिरण्यापूर्वी मालकाची संमती घेणे बहुतेक ठिकाणी बंधनकारक आहे.

## नैतिक तत्त्वे

थिओडोर रूझवेल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने ‘फेअर चेस’, म्हणजे न्याय्य पाठलाग, हे तत्त्व रूढ केले. मुक्त वावरणाऱ्या वन्यप्राण्याची शिकार कायदेशीर मार्गाने आणि प्राण्याला निसटण्याची संधी राहील अशा रीतीने व्हावी, असा त्याचा आशय आहे. कुंपणात कोंडलेल्या प्राण्याला मारणे या तत्त्वात बसत नाही.

बाणाच्या शिकारीत यात आणखी एका कर्तव्याची भर पडते. प्राण्याला त्वरित मृत्यू येईल याची वाजवी खात्री नसेल तर बाण न सोडणे, आणि सोडल्यास प्राणी शोधण्याचे सर्व प्रयत्न करणे, हे ते कर्तव्य होय. मिळालेल्या मांसाचा उपयोग करणे हेही त्यात येते. खाण्याजोगे मांस वाया घालवणे अनेक राज्यांत गुन्हा आहे. काही भागांत हरणांमध्ये ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ हा मेंदूचा असाध्य रोग आढळतो. १९६७ मध्ये कोलोरॅडोत प्रथम लक्षात आलेल्या या रोगामुळे मृत प्राण्याचे अवशेष वाहून नेण्यावर निर्बंध असून मांसापूर्वी तपासणीचा सल्ला दिला जातो.

## वन्यजीव व्यवस्थापन

अनिर्बंध व्यापारी शिकारीमुळे १९०० च्या सुमारास पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या अंदाजे पाच लाख किंवा त्याहून कमी उरली होती. त्यानंतरचे शिकारीचे निर्बंध, पुनर्वसन व अधिवासातील बदल यांमुळे ती आज सुमारे तीन कोटी असल्याचे मानले जाते. अनेक उपनगरांत हरणांच्या वाढत्या संख्येमुळे वनस्पतींची हानी व रस्ते-अपघात हे प्रश्न निर्माण झाले आहेत. अशा वस्तीलगतच्या भागांत रायफलीपेक्षा कमी पल्ला व कमी आवाज असलेली धनुष्ये आणि क्रॉसबो संख्यानियंत्रणासाठी वापरले जातात.

१९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार शिकारीच्या साधनांवरील केंद्रीय उत्पादन शुल्क राज्यांना वन्यजीव संवर्धनासाठी दिले जाते. १९७० च्या दशकात धनुर्विद्येची साधनेही या कायद्याखाली आली. धनुष्य व क्रॉसबो यांवर ११ टक्के शुल्क आकारले जाते.

## कायदेशीर स्थिती

अमेरिकेत शिकारीचे नियम राज्यनिहाय वेगळे आहेत. निम्म्याहून अधिक राज्यांत धनुर्शिकारीच्या हंगामात क्रॉसबो वापरता येतो. आयडाहो व मोंटॅना या राज्यांनी खास धनुर्शिकार हंगामात त्यावर निर्बंध ठेवले आहेत, तर ऑरेगनने शिकारीसाठी क्रॉसबोवर दीर्घकाळ बंदी ठेवली आहे. किमान ताण, बाणाची लांबी, फाळाची रुंदी व सुरक्षा खटका यांविषयीही राज्यांचे नियम असतात. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात धनुष्याच्या हंगामात क्रॉसबो मान्य आहे.

युरोपात चित्र वेगळे आहे. ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर कायद्याने वन्यप्राणी मारण्यासाठी धनुष्य किंवा क्रॉसबो वापरण्यास मनाई केली आहे. जर्मनीच्या केंद्रीय शिकार कायद्यानुसार हरीण, रानडुक्कर इत्यादी खुरधारी प्राण्यांवर बाण सोडता येत नाही.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अनुसूचित वन्यप्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे आणि शिकारीचा प्रयत्नही ‘शिकार’ या व्याख्येत येतो. मानवी जीवितास धोका किंवा पिकांची हानी अशा प्रसंगी मुख्य वन्यजीव रक्षक अथवा प्राधिकृत अधिकारी विशिष्ट परवानगी देऊ शकतात. महाराष्ट्रात रानडुक्कर व नीलगाय यांच्या उपद्रवाबाबत अशी तरतूद वापरली जाते. ती छंद म्हणून केल्या जाणाऱ्या शिकारीची मुभा नव्हे.

## वाद

क्रॉसबोविषयीचा वाद दोन पातळ्यांवर आहे. पहिला शिकाऱ्यांमधीलच आहे. साध्या धनुष्याच्या पुरस्कर्त्यांच्या मते, प्राण्याच्या जवळ गेल्यावर प्रत्यंचा ओढणे हीच धनुर्शिकारीतील खरी कसोटी असून क्रॉसबो ती टाळतो. १९६१ मध्ये स्थापन झालेला पोप अँड यंग क्लब क्रॉसबोने मारलेल्या प्राण्यांची नोंद आपल्या विक्रमांत करत नाही. वृद्ध, अपंग व नवशिके यांना शिकारीत सहभागी होता येते, हा क्रॉसबोच्या समर्थकांचा मुख्य युक्तिवाद आहे.

दुसरा वाद बाणाने होणाऱ्या वेदनांविषयी आहे. प्राणिहक्क संघटना बाणाची शिकार मुळातच क्रूर मानतात आणि जखमी होऊन निसटणाऱ्या प्राण्यांकडे लक्ष वेधतात. मेरीलँड राज्यातील इंडियन हेड येथील नौदल तळावर १९८९ ते २००६ या काळात ठेवलेल्या नोंदींचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. आधुनिक कंपाउंड धनुष्य व क्रॉसबो यांचे बाण लागलेल्या ९०८ हरणांपैकी सुमारे १८ टक्के हरणे शिकाऱ्यांच्या हाती लागली नाहीत. हे प्रमाण जुन्या धनुष्यांच्या अभ्यासांतील प्रमाणापेक्षा बरेच कमी आहे, असे समर्थक सांगतात. पाचपैकी जवळजवळ एक प्राणी जखमी होऊन निसटतो, हा विरोधकांचा मुद्दाही त्याच आकड्यावर आधारलेला आहे.

## सुरक्षितता

ताणलेल्या क्रॉसबोची प्रत्यंचा खाचेवरून मोठ्या वेगाने पुढे येते. आधाराच्या हाताचा अंगठा किंवा बोटे तिच्या मार्गात आल्यास ती तुटण्याइतकी गंभीर इजा होऊ शकते. बाण न ठेवता चाप ओढल्यास सर्व ऊर्जा भुजा व तारांत शिरून शस्त्र फुटण्याचा धोका असतो. प्रत्यंचा दोन्ही बाजूंनी सारखी ओढली जावी यासाठी ताणण्याची दोरी किंवा हातरहाट वापरला जातो. ती असमान ओढली गेल्यास नेमही बिघडतो. बाण सुटताना भुजा बाहेरच्या बाजूस सरकतात, म्हणून त्या फांद्या किंवा मचाणाच्या कठड्याला लागणार नाहीत इतकी जागा ठेवावी लागते.

मचाणावरून पडणे हे अशा शिकारीतील अपघातांचे एक प्रमुख कारण आहे. चढण्यापूर्वीच शरीराला सुरक्षापट्टा बांधणे आणि न ताणलेला, बाण काढलेला क्रॉसबो दोरीने वर ओढून घेणे, ही त्याबाबतची सर्वमान्य पद्धत आहे.

## हे सुद्धा पहा

* धनुर्विद्या
* पांढऱ्या शेपटीचे हरीण
* वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२
* वन्यजीव व्यवस्थापन